पुर्ज्याचा शजरा

१९९४ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. मराठवाड्यातील आमच्या तालुक्याच्या गावी मोंढ्यामागच्या गल्लीत मामूंचा कारखाना होता. कारखाना हा शब्द तसा मोठाच झाला. वर पत्रे, एका भिंतीला पट्ट्यावर चालणारा बटाल्याचा जुना लेथ, दुसऱ्या भिंतीला मिलिंग मशीन आणि मधल्या जागेत लोखंडाच्या चुऱ्याचा ढीग. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. सकाळीच जवळच्या खेड्यातील एक शेतकरी गोणपाटात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. गोणपाट सोडले तर आत ट्रॅक्टरच्या गियरबॉक्समधील एक चक्र निघाले. त्याचे तीन दात तुटले होते.

“चाचा, आठ-दहा दिवसांत जमीन वाफशावर येईल. तेवढ्यात हे झालं तर पेरणी होईल. न्हाई तर भाड्याच्या ट्रॅक्टरमागं फिरावं लागंल.”

मामूंनी चक्र उजेडाकडे धरले, दातांवरून बोट फिरवले आणि विचारले, “गाडीचं नाव काय, पाटील?”

नाव शेतकऱ्याला सांगता येईना. ट्रॅक्टर त्याने तिसऱ्या हाताने घेतला होता. बॉनेटला दोनदा रंग दिल्यामुळे वरची अक्षरे बुजून गेली होती. पंचवीस अश्वशक्तीचा, दोन सिलिंडरचा आणि बाहेरदेशी, एवढेच त्याला ठाऊक होते. दोष यंत्राचाही नव्हता. खडखडणारे बेअरिंग दोन हंगाम बदलले नव्हते, त्याचा भार दातांवर आला होता.

मामू म्हणाले, “करून देतो. पर पैले इसका शजरा निकालना पडता.”

शजरा म्हणजे घराण्याची वंशावळ. आपल्याकडे सोयरीक जुळवताना वडीलधारी माणसे शजरा विचारतात: कोणाचा कोण, कुठून आला, नाते कुठे लागते. लोखंडाच्या चक्रालाही शजरा असतो हे मी त्या दिवशी प्रथम ऐकले. मी तेव्हा कॉलेजात होतो. मामूंना उर्दू वाचता-लिहिता येई, मराठी लिहिणे जड जाई. सुट्टीत त्यांच्या कामाची वही लिहिणे हे माझे काम होते. ती वही आज माझ्याकडे आहे. तिच्यातील आकडे समजून घेताना मला आपल्या देशातील ट्रॅक्टरचा जो इतिहास दिसला, तो मांडावा म्हणून हा लेख.

ट्रॅक्टरचा इतिहास सहसा कारखान्यांच्या नावांनी लिहिला जातो. कोणी, कुठे, कोणाशी करार करून उत्पादन सुरू केले, एवढ्यावर तो संपतो. पण ट्रॅक्टर कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडल्यानंतर तीस-चाळीस वर्षे जगतो. कारखाना तेवढे जगेलच असे नाही. कधी कधी तर देशही जगत नाही.

परदेशी पाहुणे

स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात भारतात ट्रॅक्टर मोजकेच होते. १९५१ च्या सुमारास त्यांची संख्या साडेआठ हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती ३१ हजारांवर गेली. यातील बहुतेक सगळे परदेशातून आलेले. फरीदाबादच्या कारखान्यातून देशात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर १९५९ च्या एप्रिलमध्ये बाहेर पडला. तो आयशरचा. मूळ घराणे जर्मनीतील बव्हेरियाचे, इंजिन हवेने थंड होणारे. पुढच्या वर्षी मद्रासला टाफे कंपनी उभी राहिली, तिचे नाते मॅसी फर्ग्युसनशी. १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि मुंबईच्या कांदिवलीत बी-२७५ तयार होऊ लागला. त्याचे नाते अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी. वडोदऱ्याजवळ विश्वामित्रीला हिंदुस्तान ट्रॅक्टर निघू लागला, तो चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा वंशज.

तरीही मागणी पुरी होत नव्हती. १९६१-६२ या वर्षात देशात तयार झालेल्या ट्रॅक्टरांची संख्या फक्त ८८० होती. परकीय चलनाची टंचाई असल्याने डॉलर मोजून ट्रॅक्टर आणणे परवडत नव्हते. पूर्व युरोपातील देश मात्र रुपयात व्यवहार करायला तयार होते. त्यामुळे साठच्या दशकात रशियाचा चौदा अश्वशक्तीचा डीटी-१४, पूर्व जर्मनीचा आरएस-०९ आणि चेकोस्लोव्हाकियाचा झेटर २०११ असे लहान ट्रॅक्टर भारतात उतरले. थोड्या जमिनीच्या शेतकऱ्याला ते झेपणारे होते. हरितक्रांतीच्या वर्षांत त्यांनी पंजाबपासून महाराष्ट्रापर्यंत काम केले. १९७१ मध्ये एच.एम.टी. ने हरियाणातील पिंजोर येथे झेटरचाच पंचवीस अश्वशक्तीचा २५११ बनवायला सुरुवात केली. १९७४ मध्ये पंजाबात स्वराज आला. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत आपल्याच अभियंत्यांनी केला होता. पुढे ऐंशीच्या दशकात बंगळूरहून मित्सुबिशीच्या घराण्यातला साडेअठरा अश्वशक्तीचा ‘शक्ती’ आला. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांच्या अरुंद ओळींतून तो सहज फिरतो.

ट्रॅक्टर आणणे एका वेळचे काम असते. त्याचे सुटे भाग मात्र वर्षानुवर्षे लागतात. ट्रॅक्टरसोबत आलेले भाग दोन-चार हंगामांत संपत. नव्या भागांसाठी पुन्हा आयात परवाना, पुन्हा परकीय चलन. तिकडे मूळ कारखाना तोवर नव्या नमुन्याकडे वळलेला असे.

आणि मग इतिहासाने स्वतःच हात फिरवला. १९९० मध्ये पूर्व जर्मनी हा देश उरला नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. त्याआधी ऐंशीच्या दशकातच इंटरनॅशनल हार्वेस्टरने आपला शेती-यंत्रांचा व्यवसाय विकला होता. आपल्याकडेही घराण्यांची अदलाबदल झाली. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ मध्ये टाफेकडे गेला, स्वराज बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स २००७ मध्ये महिंद्राकडे आली, आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी. चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास मंजुरी दिली. देश गेले, पाट्या बदलल्या. पण शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी उभा असलेला ट्रॅक्टर कुठे गेला नाही. त्याला त्या जूनमध्येही पेरणी करायचीच होती.

शजरा

ज्या ट्रॅक्टरची कंपनी नाही, त्याचा भाग शोधायचा कसा? मामूंची पद्धत ठरलेली होती. आधी ते पाहत की हा भाग त्या ट्रॅक्टरचा ‘स्वतःचा’ आहे की ‘सगळ्यांचा’. लोकांना वाटते की जुन्या ट्रॅक्टरमधील प्रत्येक वस्तू दुर्मिळ असते. तसे नसते. बेअरिंग, ऑइल सील, नटबोल्ट, पट्टे हे भाग ट्रॅक्टरचा कारखाना बहुधा बनवतच नाही, बाहेरून विकत घेतो. त्यांची मापे जगभर एक आहेत.

बेअरिंगचेच घ्या. घासून पुसून पाहिले तर त्याच्या कडेवर आकडा सापडतो. समजा ६२०५ आहे. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचे माप मिळते, म्हणजे २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. हे बेअरिंग रशियन असो की जपानी, ट्रॅक्टरचे असो की पिठाच्या गिरणीचे, माप तेच. हे ज्याला ठाऊक नाही तो ‘अमक्या कंपनीचे बेअरिंग’ शोधत जिल्हाभर फिरतो. ज्याला ठाऊक आहे तो आकडा सांगून शेजारच्या दुकानातून घेऊन येतो. ऑइल सीलचेही तसेच: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, ही तीन मापे सांगितली की काम झाले.

डिझेलच्या पंपाची आणि नोझलची गोष्टही याच्या जवळची आहे. १९५१ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या मायको कंपनीचे पंप अनेक घराण्यांच्या ट्रॅक्टरांवर बसले. २००८ मध्ये तिचे नाव बॉश झाले, पण मिस्त्रींच्या तोंडी अजून मायकोच आहे. पंपाच्या अंगावरच्या पट्टीवर क्रमांक असतो. तो वाचता आला की ट्रॅक्टर कोणाचा हा प्रश्नच उरत नाही.

यानंतर खरा शजरा सुरू होतो. जो भाग त्या ट्रॅक्टरचा स्वतःचाच आहे, त्याचा भाऊबंद कुठे आहे का? इथे झेटरचे उदाहरण फार बोलके आहे. ब्रनो शहरातील या कारखान्याने साठच्या दशकाच्या आरंभी ‘एकीकृत मालिका’ काढली. तीत दोन, तीन आणि चार सिलिंडरांचे ट्रॅक्टर होते, पण त्यांचे कितीतरी भाग मुद्दाम सारखे ठेवले होते. विचार सरळ होता: तीन वेगळी यंत्रे करण्यापेक्षा एकच कुटुंब करावे, म्हणजे भागांचा साठा कमी लागतो आणि शेतकऱ्याची अडचण टळते. त्या माणसांना काय कल्पना असणार की त्यांच्या या शहाणपणाचा फायदा तीस वर्षांनी मराठवाड्यातील एका गल्लीत होईल! आयात झालेला झेटर, विश्वामित्रीचा हिंदुस्तान आणि पिंजोरचा एच.एम.टी. हे तिन्ही एकाच खोडाच्या फांद्या. त्यामुळे एकाचा भाग नसेल तर दुसऱ्याच्या भंगारात डोकवायचे.

भंगार हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो. मिस्त्रीसाठी तो ग्रंथालयासारखा असतो. मुंबईत कुर्ला, पुण्यात जुना बाजार, दिल्लीत मायापुरी, अशी ठिकाणे मामूंना पाठ होती. ते म्हणत, मोडलेला ट्रॅक्टर मरत नाही, दहा ट्रॅक्टरांत वाटला जातो.

पाटलांच्या चक्राचा शजरा त्याच दुपारी निघाला. कडेला ओतकामाच्या वेळी उठलेली अक्षरे रॉकेलने धुतल्यावर दिसली. घराणे चेक होते. ते चक्र मात्र भंगारातही मिळेना. मामूंनी जालन्याला आणि औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, फोन करून पाहिले. तीन दिवस गेले. मग ते म्हणाले, “अब बनाना पडता.”

घडवणे

गियर बनवणे म्हणजे लोखंडाला दात पाडणे, असे मला वाटत होते. पहिला अर्धा दिवस मामूंनी नुसते मापण्यात घालवला. दात मोजले: तुटलेले धरून २४. बाहेरचा व्यास मोजला: ७८ मिलिमीटर. दातांच्या संख्येत दोन मिळवायचे, २६. ७८ ला २६ ने भागले, उत्तर आले बरोबर ३. हा आकडा म्हणजे मॉड्यूल, दाताच्या आकाराचे माप. उत्तर पूर्ण आले म्हणजे यंत्र मिलिमीटरच्या देशातले. हेच उत्तर ३.१७ च्या आसपास आले असते तर ते इंग्लंड-अमेरिकेच्या इंची घराण्यातले समजायचे. एका भागाकारातून यंत्राची मायभूमी कळते, याचे मला आजही नवल वाटते.

इंच आणि मिलिमीटर हा वाद आपल्या कारागिरांनी फार सोसला. १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक मापे स्वीकारली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. पण गावोगावचे लेथ इंची होते, येणारे ट्रॅक्टर काही इंची, काही मेट्रिक. इंची लेथवर मिलिमीटरचे आटे कसे पाडायचे? त्याला एक तोड होती: १२७ दातांचे चक्र. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून पाच इंच म्हणजे बरोबर १२७. लेथच्या चक्रांच्या माळेत १२७ दातांचे चक्र घातले की इंची लेथ मिलिमीटरचे आटे पाडतो. मामूंकडे ते चक्र होते आणि ते कोणाला उसने देत नसत. अल्जिब्रा त्यांनी कधी शिकला नव्हता, पण दोन मापपद्धतींमधला पूल त्यांच्या खिळ्याला टांगलेला होता.

दात पाडण्याची रीत मी वहीत लिहून घेतली ती अशी: ‘२४ दात. एक पूर्ण फेरा आणि १५ भोकांच्या चकतीवर १० भोके.’ मिलिंग मशीनवरच्या विभागणीच्या यंत्रात हँडलचे चाळीस फेरे म्हणजे कामाचा एक फेरा. चाळीसला चोवीसने भागले की एक पूर्णांक दोन तृतीयांश. पंधरातील दहा म्हणजे दोन तृतीयांश. एका भोकाची चूक झाली तर शेवटचा दात लंगडा होतो आणि सगळे पोलाद वाया जाते. म्हणून मामू दात पाडताना कोणाशी बोलत नसत. चहा आला तरी थंड होई.

दात पाडून काम संपत नाही. कच्च्या पोलादाचे गियर एका हंगामात झिजते आणि आरपार कडक केलेले गियर धक्क्याने तडकते. वरची कातडी कडक आणि आतला गाभा चिवट, असे दोन्ही हवे. त्यासाठी कमी कार्बनचे मिश्र पोलाद घेऊन ते तयार झाल्यावर कोळशासारख्या कार्बनयुक्त वस्तूच्या सान्निध्यात ९०० अंशांच्या आसपास काही तास तापवतात, मग तेलात विझवतात. कार्बन कातडीत मुरतो, गाभ्यापर्यंत जात नाही. हे काम मामूंनी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका भट्टीवर करून घेतले. गियर आठव्या दिवशी बसले. वाफसा साधला.

ओतकामाचे भाग असतील तर आणखी एक गोष्ट लागते. वितळलेले बीड थंड होताना आकसते, फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच. म्हणून जुना भाग तसाच वाळूत दाबून साचा केला तर नवा भाग लहान निघतो. साचे बनवणाऱ्या सुताराकडे यासाठी वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा तेवढाच लांब. खोटी वाटणारी ही पट्टीच खरे माप देते. आपल्या महाराष्ट्रात या विद्येचे माहेर कोल्हापूर. किर्लोस्करवाडीत १९१० पासून नांगर ओतले जाऊ लागले, साताऱ्याला कूपरचा कारखाना निघाला, आणि पुढे म्हादबा मेस्त्रींसारख्या कर्तबगार कारागिरांच्या हाताखाली कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतशाळांची आळी उभी राहिली.

सगळेच भाग गल्लीत बनत नाहीत, हेही मामू स्पष्ट सांगत. मागच्या धुऱ्यातील क्राउन आणि पिनियन ही जोडी वळणदार दातांची असते, एकमेकांवर घासून जुळवलेली. त्यातले एकच बदलायचे नसते, बदलायची तर जोडीच. इंजेक्शन पंपातील दांडा मायक्रॉनच्या मापाने बसतो, तो लेथचा विषय नाही. स्टिअरिंगचा दांडा आणि ब्रेकचे भाग तुटले तर वेल्डिंग मारून देणे त्यांनी आयुष्यभर नाकारले. “पुर्जा टूटा तो हंगाम जाता, ये टूटा तो आदमी जाता,” असे ते म्हणत. काय करता येते हे ज्याला माहीत तो कारागीर. काय करू नये हे ज्याला माहीत तो उस्ताद.

शब्दांत उरलेली माणसे

हा उस्ताद इतिहासात कुठे आहे? पुस्तकांत फारसा नाही. पण आपल्या भाषेत तो जागोजाग आहे. पुर्जा, नमुना, दुरुस्ती, कारागीर, कारखाना, शागीर्द, हुन्नर हे सगळे शब्द फारसीतून मराठीत आले. अवजार आणि मरम्मत यांचे मूळ अरबीत. मिस्त्री मात्र पोर्तुगीजांच्या मेस्त्रेवरून आला, तो किनाऱ्यावर उतरून घाट चढला. यंत्र मोडले की मराठी माणूस या शब्दांशिवाय तोंड उघडू शकत नाही, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो. शब्द असे रुळतात ते कामामुळे. ज्यांच्या हातात काम होते, त्यांचे शब्द भाषेत राहिले.

आपल्या आडनावांतही हीच नोंद आहे. शिकलगार, नालबंद, खरादी. शिकलगार पात्यांना धार आणि झिलई देणारे. नालबंद घोड्या-बैलांच्या खुरांना नाल ठोकणारे. खरादी म्हणजे लाकूड आणि धातू फिरवून कातणारे. अरबीतील खर्रात या शब्दाचा हा वंशज. आज लेथ म्हणतात त्या यंत्राचे काम हे आडनाव फार पूर्वीपासून सांगते आहे. तलवारी गेल्या, घोडे गेले, टांगे गेले; मोटारी, पंप आणि ट्रॅक्टर आले. या घरांतील कितीतरी मुले नव्या यंत्रांपाशी जाऊन उभी राहिली. लोहार, सुतार आणि पांचाळ समाजांतील कारागीर त्यांच्या शेजारीच होते. गल्लीतल्या कारखान्यात एकाने तापवायचे आणि दुसऱ्याने घण घालायचा, अशीच कामे झाली. पाटलाने चाचा म्हणायचे आणि चाचाने पाटील म्हणायचे, हा व्यवहार कोणी भाषणातून शिकवला नाही. तो वाफशाच्या घाईतून आला.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम समाजातील कामकरी माणसे मोठ्या प्रमाणावर स्वयंरोजगारात आहेत आणि पगारी नोकऱ्यांत कमी आहेत, हे आकडेवारीने दाखवले. त्या आकडेवारीमागे मामूंसारखी माणसे आहेत. ना प्रमाणपत्र, ना पतपुरवठा, ना निवृत्तिवेतन. आपण त्यांच्या गरिबीची चर्चा पुष्कळ केली, आणि ती करायलाच हवी. पण त्यांच्या ज्ञानाची चर्चा आपणही केली नाही. आपल्या सभा-संमेलनांत शायराला मानाची खुर्ची मिळते. १२७ दातांचे चक्र सांभाळणाऱ्याला आपण मांडवाचे खांब उभे करायला बोलावतो.

वही

मामू आता नाहीत. त्यांच्या मुलाने बटाल्याच्या लेथशेजारी एच.एम.टी. चा जुना लेथ घेतला. त्या कंपनीने ट्रॅक्टरही केले, घड्याळेही केली आणि लेथही. ट्रॅक्टरचा कारखाना बंद झाला तरी त्या ट्रॅक्टरांचे बुश आणि शाफ्ट याच लेथवर फिरतात. धाकट्या भावाचा भार थोरल्याने उचलावा, तसे. आता तो भागाचा फोटो मोबाइलवरून राजकोटला किंवा लुधियान्याला पाठवतो आणि चार दिवसांत पार्सल येते. नाही आले तर शहरातील वायरकटच्या यंत्रावर एकच गियर कापून आणतो. साधने बदलली, पण पहिला प्रश्न तोच राहिला: शजरा काय?

नवी अडचण वेगळी आहे. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. ते पाळण्यासाठी इंजिनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. धूर कमी होणे चांगलेच. पण ज्या यंत्राचे दुखणे फक्त कंपनीच्या संगणकालाच कळते, त्याचा शजरा गल्लीतला उस्ताद कसा काढणार? हा प्रश्न जगभर उठला आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्याला आपले यंत्र दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि निवडलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारे घातली. हा हक्क कागदावर आला तरी तो वापरणारा हात शिल्लक असावा लागेल. हक्क कायद्याने मिळेल, हुन्नर कायद्याने मिळत नाही.

आणि हुन्नर आपल्या डोळ्यांदेखत जातो आहे. उस्तादांच्या मुलांनी शिकून दुसऱ्या वाटेने जावे, यात वाईट काही नाही. मीही तेच केले. पण एक उस्ताद जातो तेव्हा त्याच्याबरोबर शंभर ट्रॅक्टरांची मापे जातात. ती कोणत्याही कारखान्याच्या कपाटात नसतात. कारखानाच उरलेला नसतो.

मामूंची वही १४० पानांची आहे. अर्धी त्यांच्या उर्दू अक्षरांत, अर्धी माझ्या मराठीत. चक्रांचे दात, बुशांचे व्यास, कोणत्या घराण्याचा कोणता भाग कोणाला चालतो, सगळे तेलाच्या डागांसकट. गेल्या वर्षी मी तिची स्वच्छ प्रत करायला बसलो. उर्दू पानांसाठी आमच्या अम्मीला शेजारी बसवले. ती वाचते, मी लिहितो. पाटलांच्या चक्राच्या नोंदीपाशी आलो तेव्हा खाली मामूंच्या हाताची एक ओळ दिसली. ती मी कधी पाहिली नव्हती, कारण मला ती वाचता येत नव्हती. अम्मीने वाचून दाखवली: पैसे अर्धे घेतले, बाकीचे सुगी झाल्यावर.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी वही असेल. ट्रंकेत, माळ्यावर, कुलूप लागलेल्या दुकानात. ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी. वही नसेल पण उस्ताद हयात असतील, तर कोऱ्या वहीसह त्यांच्याजवळ जाऊन बसावे. बसताना काय विचारायचे हे मामूंनीच शिकवून ठेवले आहे.